अ‍ॅप म्हणतं बावीस, डॉक्टर म्हणतात वीस: बाळाचे आठवडे मोजायचे कुठून?

प्रश्न: वय २७, पहिलंच बाळंतपण. माझी पाळी नेहमी ३८ ते ४० दिवसांनी येते. मोबाइलवर दोन अ‍ॅप घेतली आहेत, दर आठवड्याला बाळ किती वाढलं ते वाचते. शेवटच्या पाळीवरून आज २२ आठवडे झाले. पण पहिली सोनोग्राफी केली तेव्हा पाळीवरून १० आठवडे झालेले असताना बाळ २० मिमी, म्हणजे ८ आठवडे ४ दिवसांचं निघालं, आणि तेव्हापासून डॉक्टर १० दिवस कमीच धरतात. गेल्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत वजन २९० ग्रॅम आलं, अ‍ॅपमध्ये ३६० होतं. अ‍ॅपमध्ये १९ व्या आठवड्यात बाळ १५ सेंमी आणि २० व्यात एकदम २५ सेंमी, हे कसं? नणंदेला १८ व्या आठवड्यातच हालचाल कळली होती, मला अजून नीट कळत नाही. रिपोर्टमध्ये 'प्लासेंटा अँटेरियर' लिहिलंय. सासूबाईंच्या हिशेबाने सहावा लागला. बाळ मागे पडलंय का? आणि बाळंतपणाला माहेरी कधी जाऊ?

उत्तर:

बाळ मागे पडलेलं नाही, अ‍ॅप पुढे पळालंय. तुमच्या डॉक्टरांनी धरलेला हिशेब बरोबर आहे. तो कसा, ते समजलं की तुमचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

गरोदरपणाचे आठवडे आपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. त्या दिवशी दिवस गेलेले नसतात, गर्भधारणा साधारण दोन आठवड्यांनी होते. म्हणजे 'चौथा आठवडा' म्हणतो तेव्हा गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. तरी पाळीची तारीख धरायची, कारण बाईला तीच ठाऊक असते. या सगळ्यात एक गृहीत आहे: पाळी २८ दिवसांची आणि बीज १४ व्या दिवशी सुटणार. तुमची पाळी ३८-४० दिवसांची. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस सगळ्यांचे साधारण सारखे, चौदाच्या आसपास असतात. लांबतात ते आधीचे दिवस. म्हणून तुमचं बीज २४ ते २६ व्या दिवशी सुटलं असणार. गर्भ राहण्याच्या आधीचे हे दहा-बारा दिवस अ‍ॅपने बाळाच्या वयात धरून टाकले. पहिल्या सोनोग्राफीत फरक आला तोही १० दिवसांचाच. इतकं चोख जुळलेलं फार वेळा बघायला मिळत नाही.

अशा वेळी नियम ठरलेला आहे. पाळीवरून ९ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान केलेल्या सोनोग्राफीत ७ दिवसांपेक्षा जास्त फरक आला, तर सोनोग्राफीची तारीख धरायची. ९ आठवड्यांच्या आधी तपासणी झाली असेल तर ५ दिवसांपेक्षा जास्त फरक पुरतो. त्या हिशेबाने आज तुम्हाला २० आठवडे ४ दिवस झाले. गेल्या आठवड्यात १९ आठवडे ४ दिवस होते, आणि त्या वेळी २९० ग्रॅम हे अगदी मधलं वजन आहे. ३६० ग्रॅम हा २१ व्या आठवड्याचा आकडा. तुम्ही त्या आठवड्यात पोचलाच नव्हता.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तारीख एकदा ठरली की ती बदलायची नाही. पुढे प्रत्येक सोनोग्राफीच्या रिपोर्टवर मशीन 'सरासरी वय' आणि प्रसूतीची नवी तारीख छापत राहील. ती वाचून लोक घाबरतात किंवा खूश होतात, दोन्ही व्यर्थ. मशीन डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी मोजतं आणि सांगतं की हे माप सरासरी बाळाच्या अमुक आठवड्याशी जुळतं. ते माप आहे, वय नाही. शेवटच्या तिमाहीत या पद्धतीने वय काढलं तर ते तीन आठवड्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. समजा एखादं बाळ ३४ व्या आठवड्यात खरंच कमी वाढलंय आणि मशीनने ३१ आठवडे छापले. घरच्यांनी '३१ च झालेत, पहिली तारीखच चुकली' असं धरलं, तर ज्या बाळाकडे तातडीने लक्ष द्यायला हवं तेच 'लहान आहे अजून' म्हणून सुटून जातं. असं होताना मी पाहिलेलं आहे, म्हणून या मुद्द्यावर माझा आवाज थोडा चढतो.

उलट बाजूनेही गोंधळ होतो. तुमच्या अ‍ॅपची तारीख खऱ्या तारखेच्या १० दिवस आधी येईल. त्या दिवशी शेजारीपाजारी, मावशी, आत्या सगळे विचारू लागतील, 'तारीख उलटली तरी अजून काहीच नाही?' तेव्हा तुम्हाला जेमतेम साडेअडतीस आठवडे झालेले असतील. या दडपणाखाली कळा सुरू करायचं इंजेक्शन किंवा सिझर मागणारी कुटुंबं कमी नाहीत. तेव्हा आजच अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जा, पाळीची तारीख काढून टाका आणि डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची तारीख भरा. बहुतेक अ‍ॅपमध्ये ती सोय असते. दोन्ही अ‍ॅपमध्ये ही एकच तारीख राहू द्या, किंवा एक काढूनच टाका.

आणि ठरलेल्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाचच असतात. ३७ पूर्ण ते ४१ आठवडे हा सगळा काळ त्याच तारखेचा समजा.

सासूबाईंचा हिशेब चुकीचा नाही, फक्त वेगळा आहे. 'सहावा लागला' म्हणजे पाच पूर्ण होऊन सहावा चालू. पाळीवरून मोजलं तर ते बरोबरच आहे. १० दिवस वजा केले की अजून पाचवाच चालू राहतो. गंमत म्हणजे आपल्याकडचं 'नऊ महिने नऊ दिवस' हे २८० दिवसांच्या फार जवळ जातं. डॉक्टर पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवतात, आज्यांनी दोन दिवस जास्त दिले.

१५ चे २५ सेंमी कसे झाले? बाळ वाढलं म्हणून नाही, मोजायची पद्धत बदलली म्हणून. सुरुवातीच्या महिन्यांत पाय पोटाशी दुमडलेले आणि इवलेसे असतात, म्हणून डोक्यापासून ढुंगणापर्यंतच मोजतात. विसाव्या आठवड्याच्या आसपास ही कोष्टकं टाचेपर्यंत मोजू लागतात. पाय जमेस धरले की आकडा उडी मारतो. अ‍ॅप हे कुठे सांगत नाहीत, सांगितलंच तर अगदी बारीक अक्षरात. तुमच्या रिपोर्टमध्ये तर बाळाची उंची नसतेच, कारण या दिवसांत ती कोणी मोजत नाही. त्यामुळे सेंमीच्या रकान्याशी जुळवायला तुमच्याकडे काही नाही आणि त्याची गरजही नाही. बाळ केवढं झालं ते दाखवायला अ‍ॅप जी ब्लूबेरी आणि बटरनट भोपळ्याची चित्रं देतात, त्यांबद्दल मी बोलत नाही. ती ज्यांनी बनवली त्यांच्या बाजारात ती फळं मिळत असतील.

पण मग आठवड्यांच्या माहितीत तथ्य काहीच नाही का? आहे, आणि पहिल्या दहा आठवड्यांपुरतं तर ते थक्क करणारं आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला १९१४ मध्ये कार्नेगी संस्थेचा गर्भशास्त्र विभाग सुरू झाला. तिथे जमवलेल्या गर्भांच्या अभ्यासातून गर्भधारणेनंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांचे २३ टप्पे ठरवले गेले, आणि डॉक्टर आजही तेच शिकतात. या काळात जगातली सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात. आई उंच असो, बुटकी असो, जेवण जात असो वा दिवसभर उलट्या होत असोत, गर्भ रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो. त्या दिवसांतल्या सोनोग्राफीवर आम्ही तारखेसाठी इतका विश्वास टाकतो तो म्हणूनच.

याच काळात सगळ्यात नाजूक कामं उरकली जातात. मेंदू आणि मणका ज्या नळीतून बनतात ती नळी गर्भधारणेनंतर २८ व्या दिवसापर्यंत मिटते. पाळीच्या हिशेबात सहावा आठवडा संपतो तेव्हा. कित्येक बायकांना तोवर फक्त 'पाळी लांबली' इतकंच माहीत असतं. म्हणून फोलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते. तुम्ही त्या टप्प्याच्या पुढे आलात, पण पुढच्या खेपेला किंवा धाकट्या बहिणीला सांगायला हे लक्षात ठेवा. हृदयाची नळी याच सुमारास धडधडू लागते. दहाव्या आठवड्यापर्यंत बोटं सुटी होतात. बाराव्यापर्यंत सगळे अवयव आपापल्या जागी असतात, वजन मात्र जेमतेम १४ ग्रॅम.

बारा आठवड्यांनंतर बाळं हळूहळू वेगळी होऊ लागतात. वारेकडून (प्लासेंटाकडून) रक्त किती मिळतं, आईवडिलांची ठेवण, आईचं रक्त, साखर, रक्तदाब, सगळ्याचा परिणाम दिसायला लागतो. २० व्या आठवड्यात हा फरक थोडा असतो, ३० व्यात चांगलाच, ३८ व्या आठवड्यात अडीच किलोचं आणि साडेतीन किलोचं, दोन्ही बाळं ठणठणीत असू शकतात. अ‍ॅपमध्ये मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक आठवड्याला एकच आकडा, तितक्याच ठामपणे छापलेला. सहाव्या आठवड्याला तो बऱ्यापैकी खरा, छत्तिसाव्याला तो निव्वळ मधला आकडा. मधल्या आकड्याच्या खाली निम्मी बाळं असणारच, नाहीतर तो मधला कसला!

आता तुमच्या बाळाचं या आठवड्यात काय चाललंय ते सांगते. ते गर्भजल गिळतंय आणि लघवी करतंय. सोळाव्या आठवड्यानंतर तुमच्या पिशवीतलं बरंचसं पाणी म्हणजे बाळाची लघवीच असते, म्हणून रिपोर्टमध्ये पाणी व्यवस्थित असणं ही मूत्रपिंडं काम करत असल्याची खूण. बोटांचे ठसे उमटून गेले. अंगावर बारीक लव आहे आणि तिच्यावर पांढरा चिकट थर चढायला लागलाय, पाण्यात महिनोन्महिने राहून कातडी खराब होऊ नये म्हणून. मेंदूचा पृष्ठभाग अजून बराचसा गुळगुळीत आहे. वळ्या पुढच्या महिन्यांत पडतात. आणि मला नेहमी अचंबा वाटतो ती गोष्ट: गर्भ मुलीचा असेल तर तिच्या बीजांडकोशांत या सुमारास आयुष्यातली सर्वांत जास्त बीजं असतात, साठ-सत्तर लाख. जन्माला येईपर्यंत त्यातली दहा-वीस लाख उरतात.

मुलीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. परदेशी अ‍ॅप १८-२० व्या आठवड्याला 'आता तुम्हाला कळेल मुलगा की मुलगी' असं उत्साहाने लिहितात. ते त्यांच्या देशापुरतं. आपल्याकडे गर्भलिंग विचारणं आणि सांगणं, दोन्ही गुन्हे आहेत. देशाचा कायदा १९९४ चा, आणि महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. सोनोग्राफीच्या खोलीत गमतीनेसुद्धा विचारू नका. डॉक्टरांना अवघडल्यासारखं होतं आणि फॉर्मवर तुम्ही सही केलेली असते.

हालचालीचं. पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांत जाणवते, दुसऱ्या खेपेला दोन आठवडे आधी, कारण काय ओळखायचं ते तिला ठाऊक असतं. 'प्लासेंटा अँटेरियर' म्हणजे वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीवर आहे. हा दोष नाही, जागा आहे. फक्त बाळ आणि तुमच्या पोटाची पुढची भिंत यांच्या मधे उशी असल्यासारखं होतं आणि हलक्या लाथा त्यात विरून जातात. नणंदेशी तुलना करायची तर तिची वार कुठे होती तेही विचारायला हवं! तुमचे २० आठवडे ४ दिवस झालेत आणि वार पुढे आहे, त्यामुळे अजून दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील. सुरुवातीला लाथ अशी कळतच नाही. बुडबुडा फुटल्यासारखं, पोटात गॅस सरकल्यासारखं वाटतं, आणि दोन-चार दिवसांनी लक्षात येतं की हा गॅस नाही. २४ आठवड्यांपर्यंत (खऱ्या हिशेबाने) काहीच जाणवलं नाही तर मात्र जाऊन तपासून घ्या.

२८ आठवड्यांनंतर हालचालीचं महत्त्व एकदम वाढतं. तेव्हा प्रत्येक बाळाची आपली एक रीत तयार होते. कोणी संध्याकाळी जास्त फिरतं, कोणी आई आडवी झाली की. बाळ झोपतंही, वीस ते चाळीस मिनिटं, दीड तासाच्या वर क्वचितच. हालचाल कमी वाटली तर डाव्या कुशीवर पडून लक्ष द्या. दोन तासांत दहा हालचाली कळल्या नाहीत तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी. साखरपाणी पिऊन वाट बघत बसू नका. घरी ठोके ऐकायचं यंत्र विकत मिळतं, तेही नको: कधी त्यात आईचेच ठोके ऐकू येतात, आणि बाळ अडचणीत असतानाही ठोके ऐकू येऊ शकतात. 'शेवटी शेवटी जागा कमी पडते, म्हणून बाळ कमी फिरतं' हे घरोघरी ऐकायला मिळेल. ते खरं नाही. हालचालीचा प्रकार बदलतो, जोरदार लाथांऐवजी सरकणं, वळणं, ढकलणं जास्त जाणवतं. पण हालचाल कमी होत नाही.

वजनाकडे परत येऊ, कारण तुम्ही ते पुढेही बघणार. सोनोग्राफीतलं वजन काट्यावर केलेलं नसतं. डोकं, पोट आणि मांडीच्या हाडाच्या मापांवरून सूत्राने काढलेला अंदाज असतो तो. त्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. २९० ग्रॅम म्हणजे खरं वजन २५० ते ३३० मध्ये कुठेही असू शकतं. म्हणून आम्ही एका आकड्यावर बोलत नाही. निदान दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजतो आणि बाळ आपल्या रेषेवर चाललंय का ते बघतो. पंचविसाव्या शतमानाच्या रेषेवरचं (म्हणजे शंभरातली पंचवीस बाळं ज्याच्यापेक्षा लहान असतात असं) बाळ तिसऱ्या महिन्यापासून नवव्यापर्यंत पंचविसाव्यावरच राहिलं तर ते उत्तम वाढतंय. साठाव्यावरून पंधराव्यावर घसरलं तर आकडा 'नॉर्मल' असूनही मला काळजी वाटते, आणि मी नाळेतल्या रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी सांगते. दर तपासणीला आम्ही पोटावर टेप लावतो तोही याचसाठी: २४ आठवड्यांनंतर जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोन-तीन इकडेतिकडे. बिनखर्चाची पद्धत आहे.

'आपल्याकडची बाळं लहानच असतात' हे अर्धं खरं. बाळाच्या वाढीची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवण्यासाठी जगात आठ ठिकाणी गर्भवतींचा अभ्यास झाला, इंटरग्रोथ-२१ नावाचा. त्यात भारतातून नागपूर होतं. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: आई निरोगी असेल, पोटभर आणि चांगलं खात असेल, तर नागपूरचं बाळ आणि ऑक्सफर्डचं बाळ पोटात फार सारखं वाढतं. दुसरीकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास निघालं. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. नुसती भाकरी-भात वाढवून ते होत नाही. तेव्हा 'दोन जीवांचं खा' म्हणणाऱ्यांना ताटात मेथी, शेपू, चाकवत वाढायला सांगा. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या, ते आपल्याकडे फार वेळा कमी निघतं.

लोहाच्या गोळ्या आत्ता चालू असायलाच हव्यात. जन्मानंतर पहिले काही महिने बाळ ज्या लोहावर काढतं, त्यातलं बहुतेक ते शेवटच्या तिमाहीत तुमच्याकडून घेतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर एका गोळीने भागणार नाही, डॉक्टरांशी बोला.

पुढच्या आठवड्यांत काय बघायचं? २४ ते २६ च्या दरम्यान बाळ आवाजाला दचकायला लागतं. तुमच्या अ‍ॅपने ते लवकर सांगितलं असणार, १० दिवस थांबा. पोटावर हेडफोन लावायची गरज नाही. तुमचा बोलण्याचा आवाज आतून सहज पोचतो आणि जन्मलेलं बाळ तो ओळखतंही. २४ ते २८ मध्ये साखरेची तपासणी: ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायचं, उपाशीपोटी यायची गरज नाही, १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. २६ ते २८ च्या सुमारास पापण्या उघडतात. २८ ला वजन साधारण एक किलो होतं. या वेळी चार-पाच बाळांत एक पायाळू असतं. दिवस भरेपर्यंत बहुतेक स्वतःच वळतात, शंभरात तीन-चारच तशी राहतात. नाळ गळ्याभोवती आहे असं रिपोर्टमध्ये आलं तर तेही चार-पाच बाळांत एकाला असतं, आणि त्यापायी सिझर करायचं नसतं.

फुप्फुसांवर मी थोडं थांबते, कारण इथे आठवड्याचा हिशेब खरोखर जीवनमरणाचा होतो. फुप्फुसातले फुगे मिटून एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आत एक साबणासारखा पदार्थ लागतो. तो २४ व्या आठवड्याच्या आसपास बनायला लागतो आणि पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी कळा सुरू झाल्या तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, बाळाच्या फुप्फुसांची तयारी लवकर व्हावी म्हणून. सहाव्या महिन्यानंतर पोटात कळा, पाणी जाणं, रक्त जाणं असं काही झालं तर 'बघू सकाळी' नको. १०८ किंवा १०२ ला फोन करा. जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तरीही तसंच.

आणि म्हणूनच 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' हे डोक्यातून काढून टाका. चरकसंहितेत आठव्या महिन्यात ओज अस्थिर असतं असं सांगितलंय, त्याच्याशी ही समजूत जोडली जाते. आजचा अनुभव सरळ आहे: पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा. आठव्या महिन्यातल्या बाळाला सातव्यातल्यापेक्षा पेटीत कमी दिवस काढावे लागतात. हाच नियम दुसऱ्या टोकालाही लागू आहे. मुहूर्त काढून ३७ व्या आठवड्यात सिझर मागायला लोक येतात. वैद्यकीय कारण नसेल तर ३९ पूर्ण होण्याआधी मी तारीख देत नाही, मग पंचांगात काहीही असो. सदतिसाव्यातली बाळं दिसायला गुटगुटीत असतात, पण श्वासाच्या त्रासाने पेटीत जाणारी त्यांच्यात जास्त निघतात.

आठवड्यांचं अ‍ॅप बंद करा असं मी सांगणार नाही. वाचा, नवऱ्यालाही वाचून दाखवा. फक्त त्यातले ग्रॅम-सेंटिमीटर सोडून द्या आणि 'या आठवड्यात कोणती तपासणी, कोणतं इंजेक्शन' एवढं उचला. आशाताईंनी दिलेल्या माता बाल संरक्षण कार्डात हे सगळं आहे, मराठीत आहे, आणि त्यात जाहिराती नाहीत.

माहेरी जाण्याचं. डोहाळजेवण सातव्यात करून लगेच निघायची रीत आहे. प्रवास दोन-चार तासांचा असेल आणि तब्येत ठीक असेल तर हरकत नाही. साखर आणि रक्तदाब बघून २८ ते ३२ च्या दरम्यान केव्हाही निघा, ३४ च्या पुढे नको. तिथल्या दवाखान्यात जाण्याआधीच नाव नोंदवा, तिथे रात्री भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ मिळतात का, रक्तपेढी किती लांब आहे, हे आईवडिलांना आधीच विचारून ठेवायला सांगा. जाताना सगळे मूळ रिपोर्ट न्या, मोबाइलमधले फोटो नकोत. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याचं अँटी-डी इंजेक्शन (तुमच्या शरीराने बाळाच्या रक्ताविरुद्ध घटक बनवू नयेत म्हणून देतात ते) इथेच घेऊन निघा. लहान गावात ते ऐन वेळी मिळत नाही.